पॅकेजिंग (मुक्त स्रोत सॉफ्टवेअर)

लेखकाने प्रसिद्ध केलेला सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) लिनक्ससारख्या युनिक्ससदृश संगणक प्रणालीवर एका आज्ञेत बसवता, अद्ययावत करता आणि नीट काढून टाकता यावा, अशा रीतीने तो बांधून देण्याच्या कामाला पॅकेजिंग म्हणतात. हे काम करणारा मेंटेनर बहुधा मूळ लेखक नसतो. या व्यवस्थेचे बळ आणि तिची जोखीम दोन्ही त्यातूनच येतात.

पूर्वी प्रत्येकाला टार फाइल (अनेक फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा) उलगडून कोड स्वतः कंपाइल करावा, म्हणजे चालवता येईल अशा रूपात आणावा लागे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स वितरणाचे डीपीकेजी, १९९४ मधील फ्रीबीएसडी पोर्ट्स आणि १९९५ मधील रेड हॅटचे आरपीएम या पॅकेज हाताळणाऱ्या व्यवस्थांनी ही स्थिती बदलली. डेबियनच्या पॅकेजमध्ये दोन मुख्य भाग असतात: प्रत्यक्ष फाइली, आणि आवृत्ती व अवलंबित्वे (लागणारी इतर पॅकेजे) सांगणारी नियंत्रक माहिती. लोहित देवनागरी फाँटचे पॅकेज बसवले की फाइली ठरलेल्या निर्देशिकेत जातात आणि फाँटांची नोंद आपोआप ताजी होते. मराठी वाचू इच्छिणाऱ्याला आणखी काही करावे लागत नाही.

ठाणे जिल्ह्यातील ऐरोली, रबाळे, महापे या नवी मुंबईच्या पट्ट्यात अनेक डेटा सेंटरे आहेत. अशा ठिकाणी शेकडो लिनक्स सर्व्हर सांभाळणारे प्रशासक रिपॉझिटरीची (वितरणाच्या पॅकेज-साठ्याची) स्थानिक प्रत ठेवून तपासलेलीच पॅकेजे पुढे पाठवू शकतात. त्यांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यायला हवी: स्थिर (आवृत्त्या सहसा न बदलणाऱ्या) वितरणात सुरक्षादोषाची दुरुस्ती बहुधा जुन्याच आवृत्तीवर चढवली जाते, त्यामुळे मूळ आवृत्तीचा आकडा तोच राहतो आणि केवळ शेवटचा पॅकेज क्रमांक वाढतो. निव्वळ मूळ आकडा पाहून सर्व्हर असुरक्षित ठरवणारा तपासणी अहवाल म्हणूनच चुकीचा असू शकतो.

मेंटेनरच्या भूमिकेचा सर्वांत कठोर धडा २०२४ च्या मार्चमध्ये मिळाला. एक्सझेड या संकोचन सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरवाट लपवलेली होती, आणि ती चालू करणारा कोडचा तुकडा गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या सार्वजनिक साठ्यात) नव्हता, फक्त प्रसिद्ध केलेल्या टार फाइलीत होता. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करू देणारे ओपनएसएसएच मुळात एक्सझेडची लायब्ररी वापरतच नाही. सिस्टमडी या लिनक्समधील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेशी जुळवून घेण्यासाठी काही वितरणांनी स्वतः लावलेल्या पॅचमुळे (कोडमधील छोट्या बदलामुळे) ती आडमार्गाने आत आली. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आले म्हणून प्रकार उघड झाला, तोवर दूषित पॅकेजे डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोहोचली होती. स्थिर शाखेत मात्र ती गेली नव्हती.

एकाच सोर्सपासून दोघांनी स्वतंत्रपणे बांधलेली पॅकेजे बिट-न्-बिट सारखी यावीत, यासाठी डेबियन व इतर प्रकल्प बरीच वर्षे झटत आहेत. तथापि टार फाइलच दूषित असेल तर दोन्ही पॅकेजे सारखीच दूषित निघतात; म्हणून टार फाइल आणि गिटमधील मजकूर ताडून पाहणे हा मेंटेनरच्या नित्य कामाचाच भाग मानला पाहिजे.