फिल्मवर खड्डा भरला, मग जिना का चढवत नाही?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे यवतमाळ-गोंदियाहून येणारे पेशंट एमआरआयची पिशवी काखेत मारूनच येतात. गुडघ्याच्या कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराची, दुरुस्ती होऊन वर्ष झालेलं असतं. रिपोर्टात ‘खड्डा पूर्ण भरला’ असं लिहिलेलं, आणि पेशंट म्हणतो, उकिडवं बसता येत नाही. दुसऱ्याचा रिपोर्ट यथातथा, पण तो खुशाल शेतात जातो.

कूर्चा एकदा गेली की भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, पण त्यांत कूर्चा दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट. डॉक्टरांचं ‘गॅप कमी झालाय’ त्यातूनच आलं. १९५९ मध्ये ब्रिस्टलचे प्रिडी यांनी हाडाला भोकं पाडून रक्तातून नवी भर आणण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत स्टेडमन यांनी पुढे त्याचंच मायक्रोफ्रॅक्चर, म्हणजे बारीक भोकांची पद्धत, केलं. १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी पेशंटच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात बसवल्याचा अहवाल दिला. पेशंट होते २३.

आता तपासायचं कसं? पुन्हा दुर्बीण घालून तुकडा काढायला कोण तयार होईल? मग एमआरआयवर भिस्त आली आणि व्हिएन्नाच्या गटाने २००४ च्या सुमारास ‘मोकार्ट’ ही १०० गुणांची मोजणी आणली. खड्डा किती भरला, कडा जुळल्या का, पृष्ठभाग गुळगुळीत आहे का, खालचं हाड कसं आहे, सांध्यात पाणी आहे का. माझ्या मते घोळ इथेच होतो. ही परीक्षा भरावाची आहे, गुडघ्याची नव्हे, आणि आपण तिचे गुण गुडघ्याच्या नावावर टाकतो.

कूर्चेला मज्जातंतूच नसतात. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर. आणि मांडीचा स्नायू आटला असेल तर भराव कितीही सुबक असो, जिना चढवत नाही. २०१३ मध्ये तीसहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही एमआरआयवरून पेशंटच्या बरं होण्याचा अंदाज बांधता येतो याला पुरावा तोकडाच निघाला. त्यानंतर टी-टू मॅपिंगसारख्या, कूर्चेतलं पाणी आणि तंतूंची रचना जोखणाऱ्या पद्धतींवर भर वाढला. २०१९ मध्ये मोकार्टही सुधारून आलं.

गुडघा अचानक अडकू लागला, सुजला, बसवलेला थर सुटल्याची शंका आली, तर मात्र एमआरआयला पर्याय नाही. एरवी वर्ष झालं म्हणून फिल्म काढण्याआधी पेशंटला तपासणी टेबलावरून उतरवून एका पायावर उभं करून बघावं.