छोट्या विमानतळावर काही संशयास्पद दिसलं, तर कळवायचं कसं?

अमेरिकेत पायलटचं प्रशिक्षण घ्यायला आलेल्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. फ्लोरिडा, टेक्सास, अ‍ॅरिझोनातल्या ज्या छोट्या विमानतळांवर तुमचे दिवस जातात, तिथे बऱ्याच ठिकाणी कंट्रोल टॉवर नसतो आणि अंधार पडला की चिटपाखरूही नसतं. लक्ष ठेवणार कोण? तिथे वावरणारे तुम्हीच. जानेवारी २००२ मध्ये टँपाजवळ १५ वर्षांच्या एका शिकाऊ मुलाने परवानगी नसताना एकट्याने सेसना हे छोटं विमान उडवून नेलं आणि थेट बँकेच्या उंच इमारतीवर घातलं. त्याच वर्षी पायलटांची संघटना एओपीए आणि सरकारचं सुरक्षा खातं टीएसए यांनी मिळून अशा संशयास्पद गोष्टी कळवण्यासाठी ‘एअरपोर्ट वॉच’ सुरू केलं.

त्याचा फोन नंबर १-८६६-४२७-३२८७, चोवीस तास चालू. लायसन्स, नागरिकत्व, सोशल सिक्युरिटी नंबर यातलं काहीही लागत नाही. व्हिसावर आलेली मुलं ‘उगाच आपलीच चौकशी लागायची’ म्हणून गप्प बसतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. ती भीती मनातून काढा. मात्र हा नंबर आणीबाणीचा नाही. कुणी डोळ्यांदेखत दार फोडतंय, विमान घेऊन निघालंय, तर आधी ९११ आणि मग हा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते विमानाच्या नंबरपाशी. आमच्याकडच्या एका मुलाने मोठ्या धीराने फोन केला. पलीकडून विचारलं, कुठलं विमान? हा म्हणाला, पांढरं सेसना, निळा पट्टा. त्या रात्री रॅम्पवर, म्हणजे विमानं लावायच्या जागेवर, तशी सहा उभी होती! पुढे बोलण्यासारखं काही उरलंच नाही. शेपटीजवळ ‘एन’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो आधी टिपा. तो मिळाला की मालक कोण हे एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) नोंदवहीत लगेच सापडतं. क्रमांक दिसत नसेल तर पंख वर की खाली, इंजिनं किती, कुठल्या हँगरसमोर उभं आहे, एवढं तरी सांगा.

दुसरा घोळ वेळेचा. लॉगबुकात झुलू वेळ (म्हणजे यूटीसी, जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ) लिहायची सवय लागलेली असते. फ्लोरिडात उन्हाळ्यात रात्री ९ वाजता झुलूत १ वाजलेला असतो, आणि तोही दुसऱ्या दिवसाचा. म्हणजे तारीखच चुकते. स्थानिक वेळ सांगा आणि ‘स्थानिक’ हा शब्द आवर्जून उच्चारा.

संशयास्पद कशाला म्हणायचं? किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेक किल्ली लावून बघणारा. स्वतःला पायलट म्हणवणारा, पण उड्डाणाआधीची विमानाची साधी तपासणीही न येणारा. दुसऱ्याच्या दबावाखाली असल्यासारखा वाटणारा पायलट. अनोळखी माणसं भरत असलेला भलताच माल, विमानात केलेले विचित्र बदल. ओळखीचा चेहरा आहे म्हणून सोडून देऊ नका. सप्टेंबर २०२२ मध्ये मिसिसिपीतल्या टुपेलोहून किंग एअर जातीचं विमान चोरणारा माणूस तिथलाच कर्मचारी होता.

कातडीचा रंग, पगडी, बोलण्याची ढब म्हणजे संशय नव्हे. कुंपणाशी उभं राहून विमानांचे फोटो काढणारी आपलीच पोरं अशा नजरांना सामोरी गेलीत, मग दुसऱ्याला तरी तोच त्रास कशाला? माणूस काय करतोय तेवढं बघा.

जवळ जाऊन हटकू नका, विमानासमोर तर अजिबात उभे राहू नका. इन्स्ट्रक्टरलाही सांगा, पण सकाळी तो येईपर्यंत थांबायचं नाही. हा नंबर लिहिलेली पोस्टरं कितीतरी ठिकाणी उन्हाने पार पुसट झालीत आणि ती बदलायची तसदी कुणी घेत नाही, याची चीड येते. म्हणून नंबर आजच मोबाईलमध्ये घालून ठेवा. नंतर तुम्हाला काही कळवलं जाईल याची वाट बघू नका. काय पाहिलं, किती वाजता फोन केला, कोण बोललं हे लगेच कागदावर उतरवा. पोलीस विचारायला आले, तर तोच कागद बघून सांगा.