कार्पल टनेल सिंड्रोम

मनगटात मध्य तंत्रिका (मीडियन नर्व्ह) दाबली गेल्याने हाताला मुंग्या, बधिरपणा व वेदना येण्याचा विकार. मनगटाच्या आठ लहान हाडांची पन्हळ आणि तिच्यावर आडवा ताणलेला चिवट बंध यांमधून एक अरुंद मार्ग जातो. त्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या) व ही तंत्रिका जाते. कंडरांभोवतीचे आवरण सुजले की बंध ताणला जात नाही, हाडे हलत नाहीत. दाब पडतो तो तंत्रिकेवर. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू बधिर होते. तळहाताची संवेदना बहुधा शाबूत राहते, कारण तिकडे जाणारी शाखा बंधाच्या वरून जाते. त्रास रात्री वाढतो. रोगी जागा होऊन हात झटकतो.

या विकाराचा पहिला उल्लेख कोणाचा, याबद्दल एकमत नाही. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी याने कामगारांच्या रोगांवरील ग्रंथाच्या 1713 च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या हाताच्या दुखण्याचे वर्णन केले. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहायला शिकलेल्या आणि पुढे तोही हात गमावलेल्या एका लेखनिकाची हकीकत त्यात आहे. काही लेखक यात प्रस्तुत विकाराचे मूळ पाहतात. मात्र तेथे भर शक्ती जाण्यावर आहे, ठरावीक बोटे बधिर होण्यावर नाही. त्यामुळे ते वर्णन ‘लेखकाचा पेटका’ (लिहिताना हाताचे स्नायू आखडणे) या वेगळ्या विकाराचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. इंग्लंडमध्ये जेम्स पॅजेट याने 1850 च्या दशकात मनगटात तंत्रिका दाबली गेल्याची उदाहरणे नोंदविली, पण ती दुखापतीनंतरची होती. बॉस्टनच्या जेम्स पटनम याने 1880 मध्ये रात्री हात बधिर होणाऱ्या 37 रोग्यांची माहिती दिली. लक्षणे ओळखीची असली तरी दोष त्याने रक्तवाहिन्यांकडे दिला. पॅरिसमध्ये प्येर मारी व शार्ल फ्वा यांनी 1913 मध्ये शवविच्छेदनात बंधाखाली आवळलेली तंत्रिका दाखविली आणि बंध छेदण्याची सूचना केली. तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढेही बराच काळ हाताकडे जाणाऱ्या तंत्रिका दाबणाऱ्या मानेजवळील जादा बरगडीलाच दोष दिला जात होता. 1947 मध्ये ब्रिटिश डॉक्टर ब्रेन, राइट व विल्किन्सन यांच्या लेखाने आणि 1950 नंतर अमेरिकेतील क्लीव्हलँडचा शल्यचिकित्सक जॉर्ज फेलन याच्या लेखनाने मनगटाची बाजू पक्की झाली. मनगटे मिनिटभर दुमडून धरण्याची चाचणी त्याच्याच नावाने ओळखली जाते.

हा व्यवसायजन्य रोग आहे का, हा वाद फेलनपासून चालू आहे. त्याचे बहुतेक रोगी मध्यमवयीन स्त्रिया होत्या आणि कामाला मूळ कारण मानण्यास तो तयार नव्हता. मधुमेह, अवटू (थायरॉइड) ग्रंथीची मंदता, आमवाताभ संधिशोथ (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) व गरोदरपण यांत हा विकार अधिक आढळतो, हे त्याच्या बाजूचे म्हणता येईल. उलट, जोर लावून तीच हालचाल पुनःपुन्हा करणे आणि कंप पावणारी हत्यारे वापरणे यांच्याशी असलेला संबंध बऱ्यापैकी प्रस्थापित आहे. मांस कापण्याच्या कारखान्यांतील कामगार हे नेहमी दिले जाणारे उदाहरण. संगणकाच्या कळफलकावर मात्र लोकसमजात नको तितका दोष ठेवला जातो. डेन्मार्कमधील 2003 च्या एका अभ्यासाने त्यापासून मोठा धोका असल्याचे नाकारले. बिडी वळणे, कणीक तिंबणे किंवा धुणे पिळणे यांतही मनगट वाकवून जोर लागतो. पण असे दुखणे आपल्याकडे अनेकदा ‘वात’ म्हणून अंगावर काढले जाते.

रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी हा पहिला उपाय. त्यानंतर स्टेरॉइडचे इंजेक्शन व अखेरीस बंध छेदण्याची शस्त्रक्रिया. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू झिजू लागल्यास शस्त्रक्रिया लांबवीत नाहीत. केवळ करंगळीच्या बाजूने बधिरपणा असल्यास कोपराजवळ दाबल्या जाणाऱ्या दुसऱ्या तंत्रिकेचा, तर मानेपासून कळ येत असल्यास मणक्याचा विचार करावा लागतो.