कोकणातल्या शाळांत संगणक आला, तो कोणाच्या भरवशावर?

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत आज गेलात, तर भिंतीवर मोठा टीव्ही दिसतो आणि त्याच्या खाली बहुतेक वेळा ऑइलपेंटने लिहिलेलं असतं: सौजन्य, ग्रामविकास मंडळ, मुंबई. या टीव्हीपर्यंतचा प्रवास बराच जुना आहे. तो नीट सांगायला हवा, कारण दर वेळी नवं यंत्र आलं की आपण पहिल्यापासूनच सुरुवात करतोय असं वागतो.

वर्गात बाहेरचा आवाज आणायचे प्रयत्न रेडिओपासूनचे. रत्नागिरीला 1977 मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झालं. 1984 मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली आणि तिचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून दिसू लागले. त्याच सुमारास केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. वाडीवरच्या शाळांना त्याचा काही पत्ता नव्हता. 1987 च्या खडू-फळा मोहिमेचा आग्रह होता तो निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत एवढाच. संगणक फार पुढची गोष्ट होती.

तो कोकणात आला तो थेट प्रयोग म्हणूनच. 1999 मध्ये सुगाता मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला, वस्तीकडच्या भिंतीत एक संगणक बसवला आणि मुलांना शिकवायला कोणालाही ठेवलं नाही. पुढच्या काही वर्षांत असेच संगणक सिंधुदुर्गातल्या काही गावांत बसले. शिक्षकाने न शिकवता, नुसतं हाताळून शिकलेल्या मुलांना आठवीच्या संगणक विषयाची परीक्षा द्यायला सांगितली, आणि ती त्यांनी बऱ्यापैकी निभावली. आपल्या मुलांच्या हुशारीबद्दल मला शंका कधीच नव्हती, त्यामुळे या निकालाचा आनंदच वाटतो. पण ‘शिक्षकाशिवायही चालतं’ हा जो अर्थ त्यातून काढला गेला, तो मला पटत नाही. माऊस धरायला मूल आपलं आपण शिकतं. अपूर्णांक अडला की ते मागे वळून कोणाकडे तरी बघतंच.

दुसरा प्रयोग रायगडातला. शंभर डॉलरचा लॅपटॉप प्रत्येक मुलाच्या हातात द्यावा, ही अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपाँटे यांची कल्पना 2005 पासून जगभर गाजत होती. 2006 मध्ये आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती नाकारली. तरीही 2007 मध्ये तिची भारतातली पहिली चाचणी झाली ती कर्जत तालुक्यातल्या खैराट इथल्या छोट्या शाळेत. पहिली ते चौथी, शिक्षक एक, मुलं वीस-बावीस. हिरवा-पांढरा लॅपटॉप, दोन्ही बाजूंना कानांसारखे उघडणारे अँटेना, धूळपाणी सोसणारा रबरी कळफलक, आणि भर उन्हात अंगणात बसूनही वाचता येईल असा पडदा. हार्डडिस्क नव्हतीच, म्हणजे पडला तरी आतलं काही फिरतं मोडायची भीती नाही. गावाकडच्या मुलाचा एवढा विचार करून बनवलेलं यंत्र क्वचितच झालं असेल. किंमत मात्र शंभर डॉलरवर थांबली नाही, दोनशेच्या जवळ गेली, आणि खैराटची गोष्ट गावोगाव पोचली नाही.

मला त्यात महत्त्वाची वाटते ती शाळेची रचना. एक शिक्षक, चार इयत्ता, एकच खोली. कोकणातल्या कितीतरी शाळा आजही अशाच आहेत. गुरुजी पहिलीच्या दोघांना ‘क’ गिरवायला बसवतात, तेव्हा चौथीची तिघं काय करतात? पूर्वी पाढे लिहीत. आता टॅबवर गणितं सोडवतात आणि चुकलं की तिथंच कळतं. शहरातल्या शाळेत स्मार्टबोर्ड ही सोय आहे. इथे त्या टॅबमुळे गुरुजींना पहिलीच्या मुलासाठी दहा मिनिटं मिळतात.

2015 नंतर चित्र भराभर बदललं. त्या वर्षी जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रुळला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची शाळा तोवर डिजिटल शाळा म्हणून नावारूपाला आली होती आणि बाहेरगावचे शिक्षक ती बघायला जात होते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला. बालभारतीच्या पुस्तकांवर तो आला आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पैसा मात्र मुख्यतः लोकवर्गणीचा. कोकणात लोकवर्गणी म्हणजे चाकरमानी. गणपतीला गावी आलेल्या मंडळाच्या बैठकीत शाळेचा विषय निघायचा आणि दिवाळीपर्यंत प्रोजेक्टर यायचा.

प्रोजेक्टर आल्यानंतरची कथा शासन निर्णयात नसते. आमच्याकडच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत मी पाहिलंय: खाऱ्या हवेने पोर्ट हिरवे पडलेले, पावसाळ्यात लेन्सवर बुरशी, संगणकावर भाताच्या खताची रिकामी पिशवी, कारण कौलांतून नेमकं तिथंच गळतं. वळवाच्या पावसात वीज कडाडली की बाई शिकवणं सोडून आधी प्लग काढायला धावतात. एकदा रात्री काढायचा राहिला आणि इन्व्हर्टर जळला. दुरुस्तीवाला तालुक्याला, आणि त्याचे पैसे द्यायला वर्गणी पुन्हा कोण काढणार?

मग 2020 आलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली भागात शाळांची कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. राज्यात ऑनलाइन शिक्षणाची चर्चा जोरात असताना इथे मोबाइल चार्ज करायला जनरेटर शोधावा लागत होता. वीज आली तरी रेंज नव्हती. मुलं सड्यावर, डोंगरावर, एखाद्या आंब्याखाली जिथे दोन कांड्या दिसतील तिथे बसायची, पावसात छत्री धरून. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शालेय धड्यांची मालिका सुरू झाली, तिचा खरा आधार वाटला, कारण टीव्हीला नेट लागत नाही. आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांच्या पडवीत शिक्षक स्वाध्यायाच्या झेरॉक्स घेऊन चालत गेले. त्या दोन वर्षांत कोकणात शिक्षण ज्यांच्या पायांवर उभं राहिलं, त्यांची नोंद कुठल्याही ॲपमध्ये नाही.

त्या शिक्षकांबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कोकणातल्या जिल्हा परिषद शाळांतले बरेच शिक्षक घाटावरचे, मराठवाड्यातले. घर दूर असल्याने ते आंतरजिल्हा बदलीची वाट बघतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण बदली झाली की टीव्हीचा रिमोट, टॅबचे पासवर्ड, कुठला धडा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे सगळं त्यांच्याबरोबर जातं. नव्या शिक्षकाला कपाटात यंत्र सापडतं, ते वापरायची रीत सापडत नाही. कधीकधी तर नवा शिक्षकही येत नाही आणि शेजारच्या शाळेतले गुरुजी आठवड्यातून तीन दिवस येऊन जातात.

त्यात पटसंख्या घटत चालली आहे. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने मांडला. मार्च 2024 मधल्या संचमान्यतेच्या, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवण्याच्या, निर्णयाने शिक्षकांच्या पदांचा हिशोब पुन्हा पटाशी बांधला. ज्या वाडीत सात मुलं आहेत, तिथे टॅबची गरज सर्वांत जास्त, आणि त्याच वाडीत पुढच्या जूनला शाळा उघडेल का, हे सरपंचालाही सांगता येत नाही.