इलेक्ट्रॉनिक बेस : सॉफ्टवेअर सिंथवरील घडण

इलेक्ट्रॉनिक बेस म्हणजे तारेचे किंवा कातड्याचे वाद्य न वापरता ऑसिलेटर (मूळ लाट काढणारा), फिल्टर (काही सूर कापणारा), एन्व्हलप (आवाजाचा चढउतार ठरवणारा) आणि इफेक्ट यांच्या जुळणीतून घडवलेला खर्जाचा आवाज. त्याचा पाया साधारण ३० ते १२० हर्ट्झमध्ये असतो, पण कानाला त्याची ओळख पटते ती वरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे मूळ कंपनाच्या पटीतल्या सुरांमुळे. ठाणे आणि नवी मुंबईत आगरी-कोळी हळदीचा डीजे आणि गणपतीतले रिमिक्स ही या आवाजाची नेहमीची ठिकाणे. ऐरोली-घणसोलीत किंवा बाळकुम-कोलशेतला घरच्या लॅपटॉपवर ट्रॅक बनवणाऱ्याचा बेस दहा बाय बाराच्या खोलीत तयार होतो, मोबाइलवर फिरतो आणि शेवटी मैदानातल्या बॉक्सच्या भिंतीवर वाजतो. तिन्ही ठिकाणी टिकेल असा बेस इक्यूवर (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारे साधन) खालचा पट्टा वाढवून मिळत नाही, तो थरांत बांधावा लागतो.

पूर्वपीठिका

मिनीमूग सिंथ (१९७०), टीआर-८०८ ड्रम मशीन (१९८०), टीबी-३०३ बेस सिंथ (१९८१) आणि यामाहा डीएक्स७ सिंथ (१९८३) या यंत्रांतून आजचे बहुतेक बेस निघाले. ‘रीस बेस’ (दोन किंचित बेसूर लाटांचा बेस) हे नाव डेट्रॉइटचा टेक्नो निर्माता केव्हिन सॉन्डरसनच्या ‘रीस’ या टोपणनावावरून आले, ते त्याच्या १९८८ च्या रेकॉर्डमुळे.

साधने

महागडी सॉफ्टवेअर क्रॅक करून वापरण्याची आता गरज उरलेली नाही. व्हायटल (२०२०) हा वेव्हटेबल सिंथ (साठवलेल्या लाटांतून आवाज घडवणारे सॉफ्टवेअर वाद्य) मोफत आवृत्तीतही पूर्ण चालतो, फक्त प्रीसेट (तयार आवाज) आणि वेव्हटेबल कमी मिळतात. सर्ज एक्सटी हा सिंथ मुक्त स्रोत आहे. डीएक्स७ च्या घाटाचा खणखणीत, लाकडी ठोक्यासारखा बेस हवा असेल तर डेक्स्ड. होस्ट (सिंथ आणि ट्रॅक एकत्र चालवणारे मुख्य सॉफ्टवेअर) म्हणून एलएमएमएस मोफत आहे आणि ३०३ च्या धर्तीचा एलबी३०२ त्यातच मिळतो. रीपर हा दुसरा होस्ट ६० दिवस चाचणीला मिळतो, त्यानंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलर. स्पेक्ट्रम पाहायला व्हॉक्सेंगोचा स्पॅन पुरतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला घेऊ नये. वाजवलेला सूर उशिरा कानावर येतो आणि हात ठेक्यातून सुटतो.

दोन थरांचा बेस

पहिला थर सबचा, म्हणजे सर्वांत खालच्या खर्जाचा. एक ऑसिलेटर, साइन वेव्ह (हार्मोनिक्स नसलेली गुळगुळीत लाट), व्हॉइस १ (एका वेळी एकच सूर), युनिसन १ (सुराची एकच प्रत), पॅन मधोमध. व्हायटलमध्ये ऑसिलेटरचा फेज रँडमनेस सुरुवातीलाच १०० टक्के असतो. तो शून्यावर आणला नाही तर प्रत्येक सूर लाटेच्या वेगळ्या बिंदूपासून सुरू होतो, किकशी (ड्रमच्या खर्जाच्या ठोक्याशी) जुळणी दर ठोक्याला बदलते आणि एक ठोका दणकट, पुढचा पोकळ असा प्रकार होतो. नवशिक्यांचा अर्धा दिवस याच्या शोधात जातो, कारण कोणताही नॉब हललेला दिसत नाही. अटॅक (सूर चढायचा वेळ) अगदी शून्य ठेवल्यास साइन ‘टक्’ वाजतो. ३ ते ५ मिलिसेकंद पुरे.

दुसरा थर वेगळ्या ट्रॅकवर, मधल्या पट्ट्याचा. रीससाठी दोन सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारख्या लाटा) घेऊन एक १० सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) वर, दुसरी १० सेंट खाली करावी. वर २४ डीबी उताराचा लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर), कटऑफ (कापण्याची सीमा) ३०० ते ५०० हर्ट्झ, आणि त्याला संथ एलएफओ (कटऑफ आपोआप वरखाली करणारी लाट). मग या थरावर ११० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावून खालची जागा सबसाठी मोकळी करायची. हे टाळले तर काय होते ते गणितानेच दिसते. ५५ हर्ट्झच्या सुरात २० सेंटचा फरक म्हणजे सुमारे ०.६ हर्ट्झ, दर दीड सेकंदाला पाया एकदा फुगतो आणि एकदा जवळजवळ नाहीसा होतो. तोच फरक दहाव्या हार्मोनिकवर सेकंदाला सहा हेलकावे देतो, आणि तो कानाला गोड लागतो. म्हणून डिट्यून (सुरांतला हा फरक) वरच्या थरात ठेवायचा, पाया ढळू द्यायचा नाही.

शुद्ध साइन मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. त्यावर उपाय सॅच्युरेशन, म्हणजे लाट किंचित चेपून हार्मोनिक्स वाढवणे. ५५ हर्ट्झच्या साइनला हलके सॅच्युरेट केले की १६५ आणि २७५ हर्ट्झवर हार्मोनिक्स उभे राहतात. मेंदू त्यांच्यावरून न वाजलेला मूळ सूर ओळखतो. ड्राइव्ह (सॅच्युरेशनचा जोर) वाढवताना आउटपुट तितकेच कमी करून तुलना करावी. नुसता मोठा झालेला आवाज चांगला झाल्यासारखा वाटतो, आणि सगळी फसगत तिथेच होते. सॅच्युरेशन जोरात लावायचे असेल तर ओव्हरसॅम्पलिंग (आवाजाची अधिक बारीक मोजणी) चालू करावे, नाहीतर वरून बेसूर कचकच मिसळते.

८०८ चा लांब बेस

साइन, पिच एन्व्हलप २४ सेमीटोन, डिके (ओसरण्याचा वेळ) ४० मिलिसेकंद : एवढ्याने सुरुवातीचा ‘ढप्’ तयार होतो. मग ॲम्प डिके ८०० मिलिसेकंद ते दीड सेकंद. एक सूर दुसऱ्यात घसरवायचा असेल तर लेगाटो (सूर न तोडता जोडणे) चालू, ग्लाइड (घसरण्याचा वेळ) ६० ते १०० मिलिसेकंद, आणि पियानो रोलमध्ये (नोट मांडायच्या खिडकीत) दोन नोट किंचित एकमेकींवर चढवायच्या. शेपटी पुढच्या किकवर गेली की दोन्ही मिळून गढूळ होतात.

वॉबल आणि कोळी ठेका

वॉबलमध्ये एलएफओ लो-पासचा कटऑफ टेम्पोनुसार वरखाली करतो. हाऊस किंवा डबस्टेपची शिकवण जशीच्या तशी उचलून तो १/८ वर ठेवला की कोळीगीतावर हमखास फसतो. कोळी ठेका सहा मात्रांचा, दादऱ्याच्या चालीचा; प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पडतात. १/८ चा एलएफओ त्याच ठोक्याचे दोन भाग करतो आणि बेस ढोलकीशी भांडत राहतो. व्हायटलमध्ये एलएफओचा मोड ‘टेम्पो ट्रिपलेट्स’ करून १/८ ठेवला की ठोक्याला तीन हेलकावे मिळतात. एलएफओ ट्रिगरवर असावा, म्हणजे प्रत्येक नोटेबरोबर तो नव्याने सुरू होतो.

किकसाठी जागा करणारा साइडचेनही (किक वाजताना बेस दाबणारी जोडणी) याच मोजमापात बसवावा. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोके) ठोका ६०० मिलिसेकंदांचा, म्हणजे तिसरा हिस्सा २००. कॉम्प्रेसरचा (आवाज दाबणाऱ्या साधनाचा) रेशो (दाबण्याचे प्रमाण) ४:१, अटॅक १, रिलीज (दाब सोडायचा वेळ) १२० ते १५० मिलिसेकंद ठेवला तर पुढच्या मात्रेआधी बेस परत वर आलेला असतो. रिलीज ३०० केला तर मधल्या मात्रा गिळल्या जातात. रीपरमध्ये किकच्या ट्रॅकवरून बेसच्या ३/४ चॅनेलला सेंड द्यायचा आणि रीकॉम्पमध्ये (रीपरच्या कॉम्प्रेसरमध्ये) डिटेक्टर इनपुट ‘ऑक्झिलरी एल+आर’ निवडायचा. हे निवडायचे राहिले तर बेस स्वतःलाच दाबतो.

पट्टी आणि सप्तक

गायकाची पट्टी ठरलेली असते, बेसला त्याच पट्टीत जागा शोधावी लागते. पांढरी ३ ते पांढरी ६ हा सबसाठी सोयीचा टप्पा : षड्ज ४१ ते ५५ हर्ट्झवर बसतो. गाणे पांढरी १ मध्ये असेल तर षड्ज ३२.७ हर्ट्झवर जातो आणि भाड्याचे बरेचसे बॉक्स तिथे दम सोडतात. अशा वेळी सप्तक चढवून ६५.४ घ्यावे आणि वजन सॅच्युरेशनने भरावे. सप्तकाचा आकडा सॉफ्टवेअरनुसार बदलतो. ५५ हर्ट्झचा सूर रीतसर ए१ आहे, पण एफएल स्टुडिओ तोच ए२ म्हणून दाखवतो, त्यामुळे दुसऱ्याने सांगितलेली नोट डोळे मिटून टाकू नये.

खोलीचा धोका

दहा फूट रुंदीच्या खोलीत सुमारे ५६ हर्ट्झची आणि बारा फूट लांबीत सुमारे ४७ हर्ट्झची लाट भिंतींमध्ये अडकते. म्हणजे पांढरी ६ आणि काळी ३ हे सूर भिंतीलगत घुमतात, खोलीच्या मध्यावर मात्र गायब होतात. मध्ये बसलेला माणूस बेस वाढवत जातो आणि बाहेर बॉक्सवर तोच सूर फाटतो. खुर्ची मागेपुढे करून ऐकणे आणि पातळी वायरच्या हेडफोनवर ठरवणे हाच स्वस्त इलाज. सोसायटीतल्या शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही तोच बरा.

मैदानावर देताना

मिक्स मोनो (दोन्ही बाजू एकत्र) करून ऐकावा. बऱ्याच साउंड सिस्टिमचे बेस बॉक्स मोनोवर चालतात आणि स्टीरिओ युनिसनचा बेस तिथे पोकळ होतो. २५ हर्ट्झखाली हाय-पास लावावा. तिथली ऊर्जा ऐकू येत नाही, फक्त स्पीकरचा कोन हलवते आणि लिमिटरची (कमाल पातळी रोखणाऱ्या साधनाची) जागा खाते. फाइल डब्ल्यूएव्ही, २४ बिट, पीक उणे १ डीबी. मोबाइलवर मेसेजमधून फिरून आलेली प्रत डीजेला देऊ नये.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी(ए) ही मर्यादा आहे. ‘ए’ मोजणीत ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डीबीने कमी धरला जातो, त्यामुळे मीटरचा आकडा फारसा चढत नाही आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्यांची तावदाने मात्र थरथरत असतात.