पोलादी त्रिमितीय कैची : वाढत्या भाराखाली कोसळणे

क्रीडागृहे, विमानांचे हँगर, प्रदर्शनाची दालने अशा ठिकाणी मधे खांब चालत नाहीत. तिथल्या छतासाठी पोलादी नळ्या किंवा अँगल (इंग्रजी L आकाराचे दांडे) तिन्ही दिशांना जोडून जो सांगाडा उभारतात, तो म्हणजे त्रिमितीय कैची किंवा स्पेस ट्रस. वर एक जाळी, खाली एक जाळी आणि दोन्हींना सांधणारे तिरपे दांडे अशी तिची नेहमीची रचना. कडांना आधार दिलेल्या छतावर भार आला की मध्यभागी वरचे दांडे दाबले जातात, खालचे ताणले जातात.

सुरुवातीला छताचा झोल भाराच्या प्रमाणात वाढतो. पुढे काय घडेल ते आधी कोणता दांडा हार मानतो यावर ठरते. ताणलेला दांडा मर्यादा ओलांडल्यावर लांबत जातो, पण भार धरून ठेवतो. छत खाली येताना दिसते आणि सावध व्हायला वेळ मिळतो. दाबाखालच्या सडपातळ दांड्याचे तसे नसते. पोलादाची पुरती ताकद वापरली जाण्याआधीच तो बाजूला वाकतो. हेच बकलिंग. वाकल्यावर त्याची भार पेलण्याची क्षमता झपाट्याने घसरते, उरलेला भार शेजाऱ्यांवर जातो आणि तेही मर्यादेच्या जवळ असतील तर एकामागून एक वाकतात. शेकडो दांडे आहेत, एक गेला तरी बाकीचे सांभाळून घेतील, हा भरवसा म्हणूनच घातक ठरतो. चिवट पोलादाचा सांगाडाही ठिसूळ वस्तूसारखा अचानक मोडू शकतो. त्यात एखादा दांडा मापाला किंचित चुकलेला असून ओढूनताणून बसवला असेल, तर छतावर भार येण्याआधीच त्यात आणि आजूबाजूला ताण किंवा दाब साठलेला असतो.

खालची जाळी आधी लांबू लागेल आणि वरची त्या वेळीही पुरेशी भक्कम राहील असे आकारमान ठेवणे, हा यावरचा प्रमुख उपाय.

अमेरिकेतील हार्टफर्ड शहराच्या सिव्हिक सेंटरचे छत हे अशा अचानक कोसळण्याचे सर्वांत बोलके उदाहरण. सुमारे ९१ × ११० मीटरची, जवळपास १,४०० टनांची ही कैची चारच खांबांवर उभी होती. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने ती कोसळली. काही तासांपूर्वी तिथे बास्केटबॉलच्या सामन्याला सुमारे ५,००० प्रेक्षक होते; पहाटे आत कोणी नव्हते, म्हणून जीवितहानी टळली. वरचे दांडे चार अँगल जोडून अधिक चिन्हाच्या आकाराचे केले होते. बाक येण्याला हा आकार फारसा विरोध करत नाही. शिवाय सुमारे नऊ मीटरच्या या दांड्यांना मध्यावर टेकू आहे असे हिशेबात धरले होते. प्रत्यक्षात कडेच्या दांड्यांना तो एकाच प्रतलात मिळत होता, दुसऱ्या दिशेला ते मोकळेच होते. दाबाखालचा दांडा किती भाराला बाजूला वाकेल ते सांगणाऱ्या ऑयलरच्या सूत्रानुसार आधाराविना लांबी दुप्पट झाली की सडपातळ दांड्याची क्षमता चौथाईवर येते. छताचे स्वतःचे वजनही कमी धरले गेले होते.

इशारे बांधकामातच मिळाले होते. मोजलेला झोल गणितातल्या झोलाच्या दुप्पट भरला आणि कडेची पॅनेल बसवताना भोके जुळेनात. पॅनेल कशीबशी बसवून घेण्यात आली. गणित मात्र पुन्हा तपासले गेले नाही.