पैसे मोजतानाची बोच

पाकिटातून नोट काढून दुसऱ्याच्या हातात देताना क्षणभर हात आखडतो, हा अनुभव कोणालाही नवा नाही. नोट जितकी मोठी, तितकी ती मोडायला मन नाखूश असते. वर्तनवादी अर्थशास्त्रात या अस्वस्थतेला ‘पैसे मोजण्याची वेदना’ म्हणतात. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ साली तिची सविस्तर मांडणी केली. वेदना हा शब्द मला जरा भारी वाटतो, म्हणून इथे तिला बोच म्हणू. काटकसरीचा विषय निघाला की सगळा भर मनोनिग्रहावर दिला जातो, पण महिन्याचा मेळ बसणे किंवा न बसणे हे ही बोच नेमकी केव्हा आणि किती टोचते यावर बरेच अवलंबून असते.

ब्रायन नटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २६ जणांनी एमआरआय यंत्रात पडल्या पडल्या खरेदी केली. पडद्यावर आधी काही सेकंद वस्तू दिसे, मग तिची किंमत, आणि शेवटी ती घ्यायची की नाही हे बटण दाबून सांगायचे असे. आवडती वस्तू दिसताच न्यूक्लियस ॲक्युम्बेन्स या, सुखाच्या अपेक्षेशी निगडित असलेल्या मेंदूतील केंद्राची सक्रियता वाढे. किंमत अवाजवी वाटली की इन्सुला हा मेंदूचाच दुसरा भाग जागा होई. शारीरिक वेदना, किळस अशा नकोशा अनुभवांतही हाच भाग सक्रिय होतो. माणूस कोणते बटण दाबणार, याचा थोडाफार अंदाज या नोंदींवरून आधीच बांधता येत होता. अर्थात इन्सुलाला इतरही पुष्कळ कामे असल्यामुळे ‘खर्च केला की मेंदू दुखतो’ असा सरळ निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की वस्तू तीच आणि किंमतही तीच असताना केवळ पैसे देण्याची रीत बदलली तरी ही बोच बदलते. प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बंद लिफाफ्यात बोली लावायला सांगितले. काहींना पैसे रोख भरायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहूनही अधिक निघाली. कार्डाने दोन गोष्टी होतात: वस्तू आज हाती येते आणि पैसे नंतर जातात, त्यामुळे दोहोंची सांगड सुटते, शिवाय महिनाअखेरीस तीस-चाळीस नोंदींची एकच बेरीज समोर येते, आणि त्या बेरजेत कोणती खरेदी टोचली हे सांगता येत नाही.

उधारीचे गणित मात्र बोच जाणवली नाही म्हणून थांबत नाही. समजा, कार्डावर १०० एककांची थकबाकी आहे, व्याज दरमहा ३ टक्के आहे आणि किमान भरणा थकबाकीच्या ५ टक्के आहे. नवी खरेदी अजिबात न करता, एकही हप्ता न चुकवता वर्षभर हा किमान भरणा केला तर एकूण ५५ एकके भरली जातात. त्यांपैकी ३२ व्याजात जातात आणि थकबाकी अजून ७७ उरते. काहीच न भरल्यास ती २४ महिन्यांच्या आत दुप्पट होते. ‘महिन्याला फक्त ३ टक्के’ हे ऐकायला सौम्य वाटते, पण चक्रवाढीने त्याचे वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांहून अधिक होतात. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांमागची युक्तीही याच जातीची आहे. तिथे तर पैसे देण्याचा क्षणच उरत नाही.

हीच युक्ती बचतीसाठी उलटी फिरवता येते. हातात आलेले पैसे बाजूला काढणे हे मनाला नुकसानीसारखे भासते. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी नोकरदारांसाठी अशी योजना आखली, की बचतीत वाढ आज करायची नाही, पुढच्या पगारवाढीच्या वेळी ती आपोआप व्हावी एवढीच संमती आज द्यायची. त्यामुळे हाती येणारा पगार कधी घटलेला दिसत नाही. २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार सहभागी कर्मचाऱ्यांच्या बचतीचे प्रमाण ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेले.

जिथे खर्च वाहतो तिथे बोच थोडी धारदार करावी लागते. मी काही महिने प्रत्येक खर्च त्याच दिवशी रात्री वहीत हाताने लिहून पाहिला. बेरजेने फार काही शिकवले नाही. एकच नोंद आठवड्यात चौथ्यांदा लिहिताना पेन अडखळले, तेवढे पुरेसे झाले. मोबाइलमधील ॲप हे काम अधिक बिनचूक करते आणि माझ्या मते तिथेच कमी पडते, कारण त्यात अडखळायला जागा नसते. रक्कम एका पाकिटात न ठेवता चार बंद लिफाफ्यांत विभागली तरी असाच परिणाम साधतो, कारण प्रत्येक लिफाफा फोडताना पुन्हा एकदा ठरवावे लागते.

बोच अतितीव्र असणारी माणसेही असतात, आणि त्यांना काटकसरी म्हणणे चूक आहे. काटकसरी माणसाला वाचवण्यात समाधान मिळते, तर कंजूष माणसाला खर्चाचा त्रास होतो. स्कॉट रिक आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या अभ्यासात हा फरक दाखवला. प्रयोगात एका शुल्काच्या आधी नुसता ‘किरकोळ’ अशा अर्थाचा शब्द जोडल्यावर कंजूष मंडळी ते भरायला अधिक राजी झाली. अशांसाठी प्रेलेक आणि लोवेनस्टाइन यांचे एक निरीक्षण उपयोगी आहे: कपडे धुण्याच्या यंत्राचे पैसे वापरता वापरता फेडणे बहुतेकांना चालते, पण सहलीचे पैसे निघण्यापूर्वीच चुकते करणे त्यांना बरे वाटते. यंत्र पुढेही उपयोगी पडत राहते. सहल संपल्यावर हप्ते तेवढे उरतात.